तिचं वाक्य तिलाच संपवू द्या

बुर्माकानचे गुडघे गेले म्हणून तिने काम सोडलं, असं ज्याला म्हणायचं त्याने खुशाल म्हणावं. तिच्या मयताला आलेल्या निम्म्या मास्तरणी हेच एकमेकींना सांगत होत्या आणि मी मयतासाठी उभारलेल्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूत कोपऱ्यात बसून दात-ओठ खात ऐकत होते. मयताच्या घरी भांडू नये म्हणतात, म्हणून गप्प राहिले. आता तिचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलंय. आता मी बोलणार. गुडघे तिचे पहिल्यापासूनच गेलेले होते. त्याच गुडघ्यांवर ती घाट ओलांडून आमच्या शाळेत यायची, हिवाळा असो की चिखल असो.

नारीनच्या अध्यापक विद्यालयात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. ती इतिहास शिकली, मी भूगोल. तेव्हा तिचा आवाज असा होता की ती खोलीत हसली तर खाली भटारखान्यातली आचारीण वर बघायची. नोकरीला लागल्यावर पोरांसमोर ती सगळ्यांत मोठ्याने शिकवायची. एका तासात तीन लढाया, दोन तह आणि वर पोरांना चार शिव्या. नवरा जनावरांचा डॉक्टर, बिचारा मवाळ माणूस. तो म्हणायचा, "माझ्या घोड्यांना बरं आहे, ते निदान मधूनमधून खिंकाळतात. मला घरात तेवढीही संधी नाही." पोटी मूल झालं नाही. नवराही लवकर गेला.

मग एका थंडीत तिचा घसा असा बसला की महिनाभर आवाज म्हणून फुटेना. सुट्टी घ्यायची तर बदली कोणी नाही. ही बया फळ्यावर एक प्रश्न लिहायची आणि खुर्चीत जाऊन बसायची. पहिले दोन दिवस पोरं मूग गिळून बसली. तिसऱ्या दिवशी कंटाळून आपापसांत बोलायला लागली. आणि बोलता बोलता इतकं बोलली, की घंटा झाली तरी उठेनात. बुर्माकान मला म्हणाली, "तोक्तोबुबू, इतकी वर्षं ही पोरं माझ्यासमोर बसत होती आणि यांच्या डोक्यात काय चालतं हे मला ठाऊकच नव्हतं गं. मी बोलत होते ना!"

घसा सुटला, पण ती पूर्वीसारखी शिकवायला गेली नाही ती नाहीच. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत काम मागून घेतलं. गावोगावच्या शाळांत जायचं, मागच्या बाकावर बसायचं, तास बघायचा आणि मग मास्तरांना बाजूला घेऊन पोरांना बोलतं कसं करायचं ते शिकवायचं.

तिच्या पिशवीत राजम्याच्या बिया असायच्या. मास्तर बोलला की एक बी कोटाच्या डाव्या खिशात, पोर बोललं की उजव्या. तासाच्या शेवटी ती दोन्ही ढीग टेबलावर ओतायची. मास्तरांचा ढीग डोंगराएवढा, पोरांचा चिमूटभर. आमच्याकडे बिया मांडून नशीब सांगतात, म्हणून पहिल्यांदा ती आली तेव्हा आमचे मुख्याध्यापक मामबेत आगाय (आमच्याकडे गुरुजींना आगाय म्हणतात आणि मोठ्या बाईंना एजे) हळूच जवळ येऊन म्हणाले, "एजे, तेवढं माझ्या मुलाला व्हिसा मिळतो का बघता?"

"मुलाचं नाही दिसत," ही म्हणाली, "पण तुमच्या शाळेतली पोरं मुकी होणार, एवढं स्वच्छ दिसतंय."

मास्तरमंडळी तिला वचकून असायची. कशी नसणार? "उत्तर आलं रे आलं की शाब्बास म्हणू नका, बाकीच्यांची तोंडं मिटतात. पोराने सांगितलेलं पोपटासारखं परत म्हणू नका, बहिरं कोणी नाहीये इथे. प्रश्न विचारलात की जीभ दातांखाली धरा आणि थांबा. अजून थांबा. घाम फुटला तरी थांबा." बाकं सरळ रांगेत असली की ती आधी बाकंच फिरवायला लावायची. म्हणायची, पोरांनी एकमेकांच्या मानगुटीशी बोलायचं का? आणि प्रश्न तरी कसे! ज्याचं उत्तर पुस्तकात सापडेल तो तिच्या लेखी प्रश्नच नव्हता.

आम्हा जुन्या खोडांवर तिने फार वेळ घालवला नाही. तिचा जीव जडला नूरझादावर. नूरझादा आमच्या शाळेतली नवी मास्तरीण, भाषा शिकवणारी, अंगाने काडी आणि आवाजाने त्याहून बारीक. बुर्माकान तिला म्हणाली, "तुझा आवाज लहान आहे, हे देवाने पोरांवर केलेले उपकार आहेत." त्या हिवाळ्यात दर पंधरवड्याला ती यायची, माझ्याकडे मुक्काम करायची आणि नूरझादाच्या आठवीच्या वर्गात बसायची.

त्या आठवीत बेगायिम होती. मेंढपाळाची पोर, लांब वेण्या, खाली मान. ती बोलताना अडायची. नुसतं अडायची नाही, शब्द घशात आला की तिचं तोंड, मान, खांदे, सगळं त्याच्याशी झुंजायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं आपणच तो ओढून बाहेर काढावा. दुसरीपासून तिला कोणी काही विचारायचं नाही असा शाळेत नियमच पडला होता. दया म्हणून हो. तिनेही मग मान हलवण्यावर काम चालवलं होतं.

त्या दिवशीचा प्रश्न बुर्माकानचा होता. घरी पाहुणा आलाय. दारात एकच मेंढी, तीही गाभण. कापायची की नाही?

अहाहा, काय पेटला वर्ग! एसेन म्हणून एक बोलघेवडा पोरगा होता, त्याने आधी हात आपटला. "कापायचीच! पाहुणा उपाशी गेला तर गावात तोंड दाखवायला जागा उरेल का?" जायना म्हणाली, "आणि पोटातलं कोकरू? तुझ्या तोंडासाठी त्याने मरायचं?" कोणी म्हणालं शेजाऱ्याकडून मेंढी आणावी, कोणी म्हणालं शेजाऱ्याचीही गाभण असली तर? हसणं, ओरडणं. आणि त्या गोंधळात बेगायिमचा हात वर गेला.

वर्ग एकदम चिडीचूप. "पा… पा… पा…" ती झुंजायला लागली. एसेन म्हणाला, "पाहुण्याला, एजे. पाहुण्याला म्हणायचंय तिला."

मागच्या बाकावरून बुर्माकान उठली. ती कधी मधे बोलायची नाही, पण उठली. "एसेन, वाक्य तिचं आहे. तिलाच संपवू दे."

आणि सगळे थांबले. नूरझादा थांबली, मी दारात उभी होते, मीही थांबले. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी ते आलं बाहेर. "पा-पाहुण्याला वि-विचारा ना."

वर्ग फुटला! पाहुण्याला विचारायचं? मेंढी कापू का म्हणून? असं विचारणं म्हणजे त्याला दारातून हाकलण्यासारखंच की! एसेन म्हणाला, "माझ्या आजोबांना असं विचारलं तर ते घोड्यावर बसून तडक निघून जातील!"

बेगायिमने त्याच्याकडे बघितलं. परत झुंज, परत सगळे थांबलेले. "म-म्हणजे को-कोकरापेक्षा तुझ्या आ-आजोबांचा राग मोठा?"

काय हशा पिकला! पण तिला नव्हते हो हसत, एसेनला हसत होते. तिच्या सांगण्यावर हसत होते. आणि पोरगीही हसत होती. त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बुर्माकान बोर्सोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळता तळता ढसाढसा रडली, झारा हातात, कढईतले बोर्सोक करपून काळे. मी म्हटलं, "अगं ए, रड, पण गॅस तरी बंद कर!" ती म्हणाली, "दुसरीपासून, तोक्तो. दुसरीपासून ती हे सगळं मनात बोलत होती."

त्यानंतर बेगायिम रोज बोलायला लागली. अडत अडत, झगडत, पण बोलायची. दुकानात तिची आई मला भेटली की कुरकुरायची, "काय करून ठेवलंत एजे, आता घरात बापाशीही वाद घालते." कुरकुरताना बाईचा चेहरा मात्र फुललेला असायचा.

आणि मग घाटावरचं बर्फ वितळायला लागलं, आणि प्रांताच्या कचेरीतून तपासणी येणार असं कळलं. बुर्माकानने काम सोडलं ते या तपासणीनंतरच.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर मामबेत आगायांवर अन्याय होईल, जरी माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. आमच्या शाळेतले दहावी आणि अकरावीचे वर्ग बंद करायचं वरच्यांच्या मनात होतं. पोरं कमी, खर्च जास्त. वर्ग बंद झाले तर पोरं घाटापलीकडे वसतिगृहात जातील. मुली जाणार नाहीत. मुलींना इथले बाप घाटापलीकडे पाठवत नाहीत. नववी झाली की घरी, आणि घरी बसली की लग्न. तपासणीची माणसं एक खुला तास बघणार होती आणि त्यावरून ठरवणार होती की या शाळेत काही दम आहे की नाही. तास नूरझादाचा. आठवीचा.

आता खुला तास म्हणजे काय, ते आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. आदल्या दिवशी त्याची तालीम होते. कोणी काय विचारायचं, कोणी काय सांगायचं. येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा, पण हात सगळ्यांनी वर करायचा, म्हणजे पाहुण्यांना वर्ग हुशार दिसतो आणि मास्तर उजवेच हात बघून उठवतो. माझ्या आईच्या वेळीही असंच होतं. बुर्माकानचा या गोष्टीवर भयंकर राग. तिने नूरझादाकडून वचन घेतलं होतं की तालीम करायची नाही. "तुझी पोरं बोलतात. त्यांना बोलू दे. बस."

तपासणीच्या आदल्या दिवशी मी माझ्या चुलतभावाच्या वर्षश्राद्धाला घाटापलीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच बुर्माकानला घेऊन गाडीने थेट शाळेत उतरले. तिने डोक्याला नवा पांढरा रुमाल बांधला होता. सबंध वाट तिचं एकच, "बेगायिम बोलली ना की त्या तपासणीसांनाही थांबावं लागेल बघ. थांबायला शिकतील मेले."

आम्ही जाऊन मागच्या बाकावर बसलो. प्रांताची माणसं खिडकीशी, समोर चहा. बाकं गोल मांडलेली, जशी बुर्माकानला हवी तशी. नूरझादाने प्रश्न टाकला. तोच, गाभण मेंढीचा. आणि ती थांबली. छान थांबली. मग सगळेच्या सगळे हात एकदम वर गेले.

बुर्माकानचा हात खिशात चालला होता. बी उजवीकडे, उजवीकडे, परत उजवीकडे. जायना म्हणाली, "मला एसेनचं म्हणणं पटत नाही, कारण जीव मोठा." एसेन म्हणाला, "मी जायनाच्या मताचा आदर करतो, पण माझं मत वेगळं आहे." नूरझादा शाब्बास म्हणत नव्हती. पोरांचं बोलणं परत म्हणत नव्हती. तपासणीस माना डोलावत होते. तिच्या बियांच्या हिशेबाने तर इतका चांगला तास या जिल्ह्यात कधी झालाच नव्हता. पण बुर्माकानचा हात हळू झाला. ती हात बघत होती. निम्मे हात डावे होते.

मग ती एकेक तोंड बघायला लागली. माझ्या कानाशी म्हणाली, "बेगायिम कुठाय गं?"

मी काही बोलायच्या आत एसेन उठला. छाती काढून, खणखणीत आवाजात म्हणाला, "माझ्या मते, पाहुण्याला विचारायला काय हरकत आहे?" खिडकीपाशी हशा पिकला. मुख्य तपासणीस बाई टाळी वाजवत म्हणाल्या, "वा! किती धीट विचार! आणि इतका सहज मांडला." आणि तेच लिहूनही घेतलं.

बुर्माकानने माझं मनगट धरलं. बाई गं, तिच्या हाताला इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तासाच्या शेवटापर्यंत तिने खिशात हात घातला नाही.

बाहेर व्हरांड्यात मुख्य बाईंनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले. "ही तुमची किमया आहे, एजे. असे वर्ग असतील तर शाळा कोण बंद करेल?" मामबेत आगाय मागे उभे राहून डोळे पुसत होते. खरंच पुसत होते. बुर्माकानने मान हलवली आणि नूरझादाला कोपऱ्यात गाठलं.

"बेगायिम कुठे आहे?"

"तिला ताप आलाय, एजे."

बुर्माकान थांबली. पोरांसमोर थांबायची तशीच, काही न बोलता, तिच्या तोंडाकडे बघत. नूरझादाला ते पेलवलं नाही. ती भिंतीला टेकली आणि हुंदके देत सगळं बोलून गेली. "आगाय म्हणाले, तिचं एक वाक्य होईस्तोवर पाहुण्यांचा चहा गार होईल. म्हणाले, शाळा मंदबुद्धी पोरांची आहे असं लिहून नेतील. मी नाही म्हटलं एजे, शप्पथ, दोनदा नाही म्हटलं. मग ते म्हणाले, वर्ग बंद झाले तर या मुलींना तू तोंड दाखवशील का…"

मामबेत आगाय तिथे येऊन उभे राहिले होते. "तिला नका बोलू. मी केलं," ते म्हणाले. "एक मुलगी एक दिवस घरी बसली, एजे. नाहीतर सगळ्या कायमच्या बसल्या असत्या. बेगायिमसुद्धा. मी चुकलो असेन तर सांगा मला."

खरं सांगू? माणूस खोटं बोलत नव्हता, म्हणून तर जास्त संताप येतो.

आत जेवणाची मांडामांड चालली होती, मेंढी कापलेली होती. अन्न टाकून जायचं नसतं म्हणून बुर्माकान आत गेली, उभ्याउभ्या नानचा एक तुकडा मोडून तोंडात घातला, आणि बाहेर आली. मला म्हणाली, "चल तिच्या घरी." गावाच्या टोकाचं घर, वाटेत वितळलेल्या बर्फाचा गुडघाभर राडा. ती एकदाही थांबली नाही.

बेगायिमची आई अंगणात लोकर धूत होती. आम्हाला बघून तिचे हात थबकले, मग ती लगबगीने उठली. "या, या एजे! झाला का तास? छान झाला ना? काल स्वतः आगाय आले होते बघा, मधाची बरणी घेऊन. म्हणाले, पोरीला त्रास नको, लोक हसतील. आमची किती काळजी करतात…" बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. आत जाऊन तिने चहा ठेवला आणि पोरीला हाक मारली.

बेगायिम आली. वेण्या नुकत्याच घातलेल्या, अंगात शाळेचाच झगा. ताप तर सोडाच, गाल सफरचंदासारखे लाल. आमच्यासमोर बसली. बुर्माकानने तिचा हात हातात घेतला.

"बेगायिम, आज का नाही गं आलीस?"

आणि ती थांबली. पोरीने खाली बघितलं. आई मधे काही बोलायला गेली, बुर्माकानने मान नाही म्हणून हलवली. मलाही राहवेना. म्हणावंसं वाटलं, सोड, आम्हाला माहीत आहे सगळं. बुर्माकानने दुसरा हात माझ्या गुडघ्यावर दाबून ठेवला. तिला ते पोरीकडून ऐकायचं होतं. रागाने म्हणाली असती, रडत म्हणाली असती, आगायांना शिवी घालून म्हणाली असती तरी चाललं असतं. किती का अडेना, तिच्या स्वतःच्या मनातलं हवं होतं. चुलीवर किटली वाजायला लागली, कोणी उठलं नाही.

बेगायिमने मान वर केली. पाठ ताठ केली. आणि म्हणाली, "एजे, मला काल दुपारपासून ताप आहे, म्हणून मी आज शाळेत येऊ शकले नाही, मला क्षमा करा."

एका दमात. एकदाही अडली नाही. खांदा हलला नाही, मान हलली नाही. खणखणीत बोलणाऱ्या कुठल्याही पोरीसारखी बोलली.

आईने टाळीच वाजवली. "ऐकलंत? ऐकलंत ना एजे? एकदासुद्धा नाही अडली! काल संध्याकाळभर घोकून घेतलं हो. आगाय म्हणाले होते, कोणी विचारलं तर नीट सांगता आलं पाहिजे."

बुर्माकानने पोरीचा हात आपल्या डोळ्यांवर दाबला आणि तशीच वाकून रडायला लागली, आवाज न करता, सगळं अंग हलवत. चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते आईला कळेना. आणि बेगायिम त्या पांढऱ्या रुमालाकडे बघत राहिली, घाबरली, तिचं तोंड, मान, खांदे सगळे परत झुंजायला लागले, आणि आम्ही तिघी बायका जागच्या जागी बसून वाट बघत राहिलो.

"ए-ए-एजे," ती म्हणाली, "मा-माझं का-काही चु-चुकलं का?"